अर्ध्या घराला पट्टा बसत नाही

आमच्या बारामती-इंदापूर भागात कॅनॉलला पाणी कधी सुटणार यावर माणूस तासभर बोलतो. उसाला तोड कधी येणार यावर दोन तास. पण "भूकंप आला तर काय कराल?" असं विचारलं की तो आधी हसतो, मग आत बघून चहा सांगतो, आणि चहा येईपर्यंत विषय त्याच्या मेव्हण्याच्या बदलीवर गेलेला असतो. निवृत्त झाल्यापासून मी असे चहा पीत हिंडते आहे. गोड चहानं माझी साखर वाढली, पण भूकंपाला घाबरणारा माणूस काही भेटला नाही.

माझं काम आधी सांगते, म्हणजे घोटाळा नको. राहायला मी जळोचीला. वडील गवंडी होते, मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि एका कचेरीत घरांच्या बांधकामाचे कागद तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या कागदावर एक रकाना असायचा: 'बांधकाम भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित आहे काय?' त्यात मी 'होय' लिहायची. घर बघितलेलं असो नसो, वरचे सगळे रकाने 'होय' असायचे, त्या ओघात पेन पुढं जायचं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना तोच रकाना डोळ्यापुढं आला आणि मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते. म्हणून मग स्कूटर काढली, टेप आणि ओळंबा डिकीत टाकला आणि जुनी घरं भूकंपाला जरा घट्ट करून द्यायचं काम सुरू केलं.

यात सोपं काम असतं ते घरातल्या वस्तूंचं. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीनं बांधायचं, माळ्यावरची जड भांडी खाली आणायची, खाटेच्या डोक्यावर काही टांगायचं नाही. ऐकायला सोपं. बारामतीत एका गुरुजींच्या घरी उशाशी फळीवर तांब्याचा हंडा होता, पाण्यानं भरलेला. मी म्हटलं, हा खाली ठेवा. बाई म्हणाल्या, "माहेरचा हंडा आहे, जमिनीवर कसा ठेवू?" म्हटलं, मग निदान रिकामा करा. तर म्हणाल्या, "भरला हंडा रिकामा करू नये." शेवटी हंडा तसाच राहिला आणि गुरुजींनी उशाची बाजू बदलली. आता हंडा पडलाच तर पायावर पडेल, एवढी प्रगती झाली.

बावड्याच्या एका शेतकऱ्यानं तर गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची बैलजोडी बसवली होती. खरी जोडी विकली, तिची आठवण म्हणून. नुसती चार बोटं सिमेंटच्या थरावर उभी केलेली, आणि बरोबर खाली ओटा, जिथं घरातली सगळी माणसं चहाला बसायची. मी म्हटलं, दादा, हे उतरवा. ते म्हणाले, "लक्ष्मी हाय ती म्याडम, उतरवायची कशी?" पाच खेपा घातल्या, पाच चहा झाले, बैल काही हलले नाहीत. अखेर आठ खुरांना आठ बोल्ट मारून ते स्लॅबला जखडले. पुढच्या बेंदराला, बैलांच्या सणाला, त्यांनी मला जेवायला बोलावलं. बैलांना झूल होती, शिंगांना हिंगूळ होता, आणि आठही बोल्टांना हळदकुंकू लावलं होतं.

असो. मला सांगायचं आहे ते कळस गावच्या दोन भावांचं.

एके दिवशी थोरल्या भावाचा, तात्यांचा, फोन आला. "घर बघायचंय, या." मी गेले. तात्या अंगणात उभे, सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा. आजोबांच्या काळापर्यंत या घराण्यात मेंढरं होती, आता ऊस आणि थोडं डाळिंब. तात्यांनी माझ्या स्कूटरच्या मागं लांबवर रस्ता न्याहाळला.

"साहेब मागनं येत्यात व्हय?"

"साहेब मीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा रस्ता बघितला आणि मग नाइलाजानं मला आत नेलं.

घर लांबट, दगडी जोतं, वर विटा, वर पत्रा. वडिलांनी बांधलेलं, चांगल्या हाताचं. पण मधोमध आले आणि मी जागीच थांबले. दर्शनी भिंतीला जोत्यापासून पत्र्यापर्यंत सरळ उभी फट. दोन बोटं जातील एवढी. तडा असा ओळंब्यात जात नाही. मी विचारलं, "हे काय?"

"वाटनी," तात्या म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी तात्या आणि धाकटा भाऊ बापू वेगळे झाले. पंचांनी घराचे दोन भाग केले आणि मधली नऊ इंची भिंत बापूच्या वाट्याला दिली. पुढचं दार तात्यांच्या बाजूला गेलं, म्हणून बापूनं एका खिडकीचं दार करून घेतलं. इथवर सगळीकडे होतं तेच. पण तात्या म्हणाले, त्याच्या भिंतीला मी पाठ टेकणार नाही. त्यांनी त्या भिंतीला दोन बोटं सोडून स्वतःची चार इंची भिंत उभी केली. मग बापू म्हणाला, तुझी वीट माझ्या विटेत अडकलेली नको. दोघांनी मिळून, आणि सहा वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे एकच काम, दगड कापायचं मशीन आणलं आणि पुढची-मागची भिंत वरपासून खालपर्यंत कापून घेतली.

नोकरीत मी भलतंसलतं पुष्कळ बघितलं. पण भावकीपायी घराला करवत लावलेली हीच पहिली.

आता वाचकांसाठी थोडं शास्त्र. भूकंप माणसाला मारत नाही, घर मारतं. जमीन हलली की चार भिंती चार दिशांना जायला बघतात. कोपरे एकमेकांत नीट गुंतलेले असतील तर एक भिंत दुसरीला धरून ठेवते. कडब्याच्या पेंढीला बांधणीचा आळा असतो तोवर ती उभी राहते, आळा सुटला की ताटं चहूकडे. तसा घराला आळा म्हणजे आमचा पट्टा. दाराखिडक्यांच्या डोक्यावर घराभोवती सलग वीतभर रुंदीची लोखंडी जाळी ठोकायची, आतूनही तशीच, दोन्ही जाळ्या भिंतीतून आरपार सळया घालून एकमेकींना शिवायच्या आणि वर सिमेंटचा गिलावा करायचा. जिथून निघाला तिथं परत येऊन पट्टा हातभर पुढं गेला पाहिजे. मध्ये तुटला तर नसल्यासारखाच.

या घराच्या तर लांब भिंतीच मधोमध कापून टाकलेल्या. आणि तात्यांची ती चार इंची भिंत कोणालाच धरून नव्हती, नुसती एकटी उभी. तिला लागून खाट होती, आणि खाटेवर तात्यांची बायको, सुमनवहिनी.

वहिनी धुण्याच्या दगडावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागायची. फोन का केला ते त्यांनीच सांगितलं. आठवड्यापूर्वी दुपारी जमीन जराशी हलली होती. भांडी वाजली, कुत्रं भुंकलं, बस. पण सगळे बाहेर पळाले. तात्याही पळाले. अंगणात गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बायको आतच आहे. ते परत आले तर वहिनी खाटेवर बसून दोन्ही हातांनी भिंत धरून होत्या.

"भिंत धरून उपयोग काय, वहिनी?" मी विचारलं.

"म्हटलं, हिला मीच धरावं," त्या म्हणाल्या. "न्हाय तर माज्याच अंगावर यायची."

तात्या खाली मान घालून मिशीशी चाळा करत राहिले. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाकी कुणीही पळू शकत होतं. ही एकटी नाही.

फुकटातला उपाय आधी करावा, हा माझा नियम. म्हटलं, खाट समोरच्या भिंतीला सरकवा. वहिनींनी साफ नकार दिला. तिथं वारा लागत नाही म्हणाल्या, उजेड डोळ्यावर येतो म्हणाल्या. तात्या पाणी आणायला गेले तेव्हा हळूच खरं सांगितलं. "हितनं बापूचं घर ऐकू येतं."

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा बापू चार वर्षांचा होता. सासू लवकर गेल्या. त्याला वहिनींनी न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, त्याच्या लग्नात आईच्या जागी त्याच बसल्या. वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. म्हणून खाट भिंतीला. बापू खोकला की यांना कळायचं, ट्रॅक्टरची किल्ली खुंटीला अडकवली की कळायचं.

तर खाट हलणार नव्हती. मग भिंतच धरायला हवी होती. दोन्ही भिंतींमधली फट भरायची, दोन्ही भिंती मिळून आरपार सळयांनी शिवायच्या आणि पट्टा सगळ्या घराला फिरवायचा. म्हणजे सळयांची निम्मी टोकं बापूच्या स्वयंपाकघरात निघणार. मी दोघांना अंगणात बोलावलं. दोन खाटल्या टाकल्या, मध्ये दहा हातांचं अंतर. मी मधोमध खुर्चीवर.

"म्याडम, तितल्यांना सांगा," तात्या म्हणाले, "घराला पट्टा बसवायचाय."

सगळं बापूला स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी म्हटलं, "बापू, घराला पट्टा बसवायचाय."

"तितल्यांना सांगा, त्यांच्या घराला बसवा म्हनावं."

"अर्ध्या घराला पट्टा बसत नाही," मी म्हटलं.

"का बसत न्हाय? मोबाईलवर बघितलंय मी. मोठमोठ्या बिल्डिंगीत दोन भागांत मुद्दाम फट ठेवत्यात. भूकंपासाठीच."

हे खरं होतं, आणि त्याचा मला फार राग आला. मी समजावलं की ते दोन भाग आपापल्या पायावर पुरे असतात, तुमच्याकडे एकाच घराची दोन अर्धुकं आहेत. बापूनं मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर हाय. पर भोकं पाडायची तर तितल्यांनी सोता येऊन माज्या दारात इचारावं."

"त्यांना सांगा," तात्या म्हणाले, "त्या खिडकीच्या दारात मी मेलो तरी पाय ठिवनार न्हाय."

"अहो, भूकंप वाटणीपत्र वाचून येत नाही!" माझा आवाज चढला.

"मग त्याला तितल्यांच्या बाजूनं यायला सांगा," बापू म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे निघून गेला.

मी हरले. निदान तात्यांच्या बाजूचं जे जमेल ते करू म्हणून दोन दिवसांनी नामदेव मिस्त्रीला घेऊन गेले. नामदेव मिस्त्री माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. हात सोन्याचा, पण सूचना ऐकायचा कान नाही. मी म्हटलं, चार इंची भिंतीला एकच भोक पाडून बघा, वीट कशी आहे कळू दे. त्यांनी मशीनला लांबातलं लांब ड्रिल लावलं, कारण ते नवीन होतं, आणि दाबलं. चार इंच गेले. फट गेली. मी "बस, बस!" म्हणून ओरडले, पण मशीनच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार? पलीकडे काहीतरी धपकन पडल्यावरच ते थांबले.

ड्रिल बाहेर काढलं. भिंतीत अंगठ्याएवढं भोक, आणि त्यातून पलीकडचा उजेड. वहिनींच्या उशापासून हातभर अंतरावर.

"कोन हाय रं तिकडं?" भोकातून बापूचा आवाज आला. चांगलाच तापलेला.

न विचारता दुसऱ्याच्या भिंतीतून आरपार! नोकरीत असं झालं असतं तर मी त्या मिस्त्रीचं काम बंद केलं असतं. नामदेव मिस्त्रींनी मशीन खाली ठेवलं आणि शहाण्यासारखे दारामागं जाऊन उभे राहिले.

वहिनी खाटेवर कोपरावर उठल्या आणि भोकाला तोंड लावून म्हणाल्या, "मी हाय."

भोकातला उजेड गेला, पलीकडे बापू जवळ आला होता.

"जेवलास का?" वहिनींनी विचारलं.

"न्हाय अजून."

"का?"

"ती पोरांना घिऊन म्हायेरी गेलीया. पिठलं केलं हुतं मी. आता त्यात तुमच्या भिंतीची माती पडली."

"गाठी झाल्या असत्याल. तुला कवा पिठलं आलंय?"

"झाल्यात," बापू म्हणाला. आवाज पार खाली आलेला.

"हिकडं कालवन हाय. दिऊ का?"

"भोकातनं?"

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "दार पाड."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की भिंतीला उगाच भगदाडं पाडू नका, प्रत्येक दार-खिडकीनं भिंतीची ताकद जाते. आणि इथं सगळ्यात कमजोर भिंतीत माझी पेशंट दार मागत होती. मी टेप काढून अंतरं मोजली. हिशेबानं तेच बरोबर होतं. वहिनींच्या खाटेपासून तात्यांचं दार दोन खोल्या पलीकडे. मधून दार पाडलं तर बापूच्या बाजूनं अंगण चार पावलांवर येत होतं. भोवती सळयांची मजबूत चौकट ओतली आणि वरून पट्टा नेला तर भिंत आधीपेक्षा घट्टच होणार होती.

"म्याडम हायत का तितं?" भोकातून आवाज आला.

"आहे," मी म्हटलं.

"कुठं कुठं भोकं पाडायची ती पाडा. आता एक पाडलंच हाय."

संध्याकाळी तात्या शेतातून आले. त्यांना सगळं सांगितलं. ते भोकाजवळ वाकले, एक डोळा मिटून पलीकडे बघितलं आणि सरळ होऊन म्हणाले, "हिला दार पायजे तर पाडा. पर मी त्यातनं जानार न्हाय, ते आत्ताच सांगून ठिवतो."

काम अकरा दिवस चाललं. कापलेली भिंत पुन्हा सांधली, फट भरली, चौकट ओतली, सळया शिवल्या, पट्टा फिरवला. या अकरा दिवसांत वहिनी खाटेवरून मुकादमी करत होत्या आणि बापूला रोज दोन्ही वेळचं कालवण पोचत होतं, आधी अंगणातून आणि मग दारातून. भाऊ मात्र मला निरोप्या समजूनच बोलत राहिले. "तितल्यांना सांगा, गिलाव्याला पानी मारायचंय." मी सांगायची. तितले मारायचे. तात्या कधी चुकूनही त्या दारापाशी गेले नाहीत. मोरीकडे जाताना ते तिकडची नजरसुद्धा वाचवायचे, एवढा मोठा माणूस भिंतीला अंग घासत जायचा.

काम संपलं की मी एक तालीम घेते. पट्टा घराला सावरतो, माणसांना डोकं लागतं. बापूची बायकोपोरंही माहेराहून आली होती. सगळ्यांना नीट समजावलं. दाराशी असेल त्यानं बाहेर यायचं, आत असेल त्यानं भक्कम टेबलाखाली बसायचं, धावायचं नाही. वहिनींनी जागेवरच राहून उशी डोक्यावर धरायची आणि हलणं थांबल्यावर वॉकरनं मधल्या दारातून निघायचं, त्यांना कोणी उचलायचं नाही, कारण खुब्यात सळई आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जो तो आपापल्या कामाला गेला. अर्ध्या तासानं मी अंगणात उभी राहिले आणि परातीवर पळी बडवत ओरडले, "भूकंप!"

सगळ्यात आधी नामदेव मिस्त्री पळाले. त्यांचं यात काही काम नव्हतं, ते कुंपणाबाहेरच जाऊन थांबले. मग पोरं टेबलाखाली बसायचं सोडून परात बघायला आली. आणि मग बापूच्या दारातून बापू बाहेर आला, दोन्ही हातांवर वहिनींना घेऊन.

"आरं सोड मला! म्याडमनी उचलायचं न्हाय सांगितलंय!" वहिनी ओरडत होत्या. उशी मात्र त्यांनी शिकवल्याप्रमाणे डोक्यावर घट्ट धरली होती.

"ऱ्हाऊ द्या," बापू म्हणाला. तो धापा टाकत होता आणि त्याचे डोळे भरले होते. खोटा भूकंप आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

तात्या मागच्या बाजूला पाण्याच्या मोटारीपाशी होते. ते आपल्या दारातून आत धावलेले मी बघितलं. मग आतून त्यांचा आवाज आला. "अगं ए! कुठं हायस?" खाट रिकामी सापडली असणार. पुन्हा हाक आली, आता मोठी आणि भेदरलेली. "सुमन! अगं सुमन!" मोरीचं दार आपटलं. मग काहीतरी भांडं खणखणत खाली गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की आवाज बापूच्या स्वयंपाकघरातून आला.

वहिनींनी डोक्यावरची उशी काढली.

तात्या बापूच्या दारात येऊन उभे राहिले. हातात बायकोचा वॉकर, मिशीला जाळं लागलेलं. त्यांनी अंगणात बघितलं, बायको दिसली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डावीकडे चौकट बघितली, उजवीकडे चौकट बघितली. आपण कुठं उभे आहोत ते त्यांना कळलं. पाय पुढं येईना आणि मागंही जाईना. मी हातातली पळी तशीच धरून उभी. आता निरोप द्यायचा तर कोणाचा आणि कोणाला, मलाही सुचेना.

वहिनींना हातांवर तशाच धरून बापू दोन पावलं पुढं गेला.

"दादा," तो म्हणाला, "खाली बघून उतर. पयली पायरी हलती हाय."